सॉफ्टवेअर सिंथचं स्वतंत्र वाद्य करायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉपवरचा एक सॉफ्टवेअर सिंथ (प्रोग्रामच्या रूपातला सिंथेसायझर) हाताला पुरता बसलाय, पण कार्यक्रमात लॅपटॉप नकोसा झालाय. तोच आवाज, स्वतःचे नॉब, स्वतःचं आउटपुट आणि स्विच दाबला की वाजायला तयार, असा डबा बनवायचा आहे. रास्पबेरी पाय (एकाच बोर्डावरचा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) घ्यावा की मायक्रोकंट्रोलर (एकच प्रोग्राम चालवणारी छोटी चिप)? आवडतं प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा तयार सिंथ) जसंच्या तसं आत बसेल का? आणि खरी मेहनत कुठे लागते?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात. आवाज निर्माण करण्याचं काम सिंथ लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलंय. तुमची मेहनत लागते दोन ठिकाणी. एक, यंत्राने प्रत्येक वेळी, भार कितीही असो, वेळेवर आवाज दिला पाहिजे. दोन, शेकडो पॅरामीटरांतून पॅनेलवर कोणते पंधरा ठेवायचे आणि कोणते कायमचे सोडून द्यायचे हे ठरवलं पाहिजे. बहुतेक लोक सगळा वेळ पहिल्यावर घालवतात आणि दुसरं शेवटच्या आठवड्यात उरकतात. माझा आग्रह नेमका उलटा आहे: पॅनेल आधी ठरवा, बोर्ड नंतर घ्या.

‘आत सॉफ्टवेअर असेल तर ते खरं हार्डवेअर वाद्य नव्हे’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. १९८३ चा यामाहा डीएक्स७ आकडेमोडच करत होता, फक्त त्यासाठी खास चिप बनवलेल्या होत्या. १९९५ चा नॉर्ड लीड डीएसपी (ध्वनीच्या आकडेमोडीसाठीच्या) चिपवरच्या प्रोग्रामवर चालायचा. कोर्गचा क्रोनॉस २०११ साली इंटेल अ‍ॅटम प्रोसेसर आणि लिनक्स घेऊन आला. कोर्गच्याच वेव्हस्टेटमध्ये तर रास्पबेरी पायचं कम्प्युट मोड्यूल बसवलेलं आहे. म्हणजे तुम्ही जे करू पाहताय ते या धंद्यातले मोठे लोक उघडपणे करतात. फरक एवढाच की त्यांचं यंत्र दुसरं काहीही करत नाही आणि प्रत्येक नॉबची जागा कायम असते.

आता प्लगइन. इथे उत्साहावर थोडं पाणी पडणार आहे. विकत घेतलेली बहुतेक प्लगइन्स विंडोज आणि मॅकसाठी बांधलेली असतात. रास्पबेरी पाय हा एआरएम प्रोसेसर आणि त्यावर लिनक्स. त्या जोडीसाठी बिल्ड देणारे विक्रेते थोडे. पियानोटेक हा त्यातला एक चांगला अपवाद. वाइन आणि बॉक्स६४ हे भाषांतर करणारे प्रोग्राम वापरून विंडोजचं प्लगइन पायवर चालवून दाखवता येतं, पण त्या भाषांतराच्या थरात कधी किती वेळ जाईल याची हमी नसते. घरी प्रयोग म्हणून ठीक, स्टेजवर नेऊ नका. एखादं बंद प्लगइन हवंच असेल तर छोटा इंटेल बोर्ड घ्या आणि त्याच्यासोबत येणारी उष्णता, लायसन्सची पडताळणी आणि अपडेटांची कटकट मान्य करा.

माझा सल्ला: ज्याचा सोर्स (मूळ कोड) मिळतो असा सिंथ निवडा. सर्ज एक्सटी, डेक्स्ड, झिनअ‍ॅडसबएफएक्स, योशिमी, टोनव्हील ऑर्गनसाठी सेटबीफ्री, ही सगळी दमदार वाद्यं आहेत आणि एआरएमवर कंपाइल होतात. झिंथियन हा प्रकल्प यातली बरीच इंजिनं पायवर एकत्र बांधून देतो. काही लिहिण्याआधी एकदा तो चढवून बघा. तुमची गरज तिथेच भागली तर कित्येक महिने वाचतील. मी मात्र एका डब्यात एकच इंजिन ठेवतो. दहा इंजिनं असली की मेनू आला, आणि मेनूपासून सुटका म्हणून तर हा खटाटोप.

लायसन्सचं दोन वाक्यांत. स्वतःपुरता एक डबा बनवलात तर जीपीएल (या मुक्त सिंथांचं लायसन्स) तुमच्यावर काही लादत नाही. पण तो विकलात किंवा कुणाला दिलात तर सोर्स द्यावा लागतो, आणि जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत घरगुती वापराच्या उपकरणावर बदललेला प्रोग्राम चढवायची माहितीही द्यावी लागते. विकायचा विचार असेल तर म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या सिंथ मोड्यूलांच्या ब्रँडचा एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरवरचा कोड बघा, तो एमआयटी लायसन्सखाली आहे, त्यात सोर्स द्यायची सक्ती नाही.

त्या कोडची आणखी एक शिकवण आहे. त्यांचं ब्रेड्स हे मोड्यूल ७२ मेगाहर्ट्झच्या एसटीएम३२ वर चालतं आणि त्या चिपमध्ये फ्लोटिंग पॉइंटचं (दशांश आकड्यांच्या गणिताचं) हार्डवेअरच नाही. सगळं गणित पूर्णांकांत आणि आधीच काढून ठेवलेल्या तक्त्यांत. आवाज दमदार होण्यासाठी ताकदवान प्रोसेसर लागतोच असं नाही. लागतो तो नेमकेपणा.

बोर्डाच्या बाबतीत तीन वाटा आहेत. पहिली, लिनक्सवाला बोर्ड. फायदा असा की तयार सिंथ फारसा न बदलता चालतो, फाइली, यूएसबी मिडी (मिडी म्हणजे वाद्यांची संदेशभाषा), स्क्रीन सगळं मिळतं. तोटा असा की ऑपरेटिंग सिस्टिमला तुमच्या सुरांची पर्वा नसते, ती करायला लावावी लागते. दुसरी, मायक्रोकंट्रोलर: डेझी सीड किंवा टीन्सी ४.१. डेझीत ४८० मेगाहर्ट्झचा एसटीएम३२एच७, ६४ एमबी एसडीरॅम आणि स्टिरिओ कोडेक (आवाज आत-बाहेर नेणारी चिप) बोर्डावरच असतो. टीन्सीचा प्रोसेसर ६०० मेगाहर्ट्झचा. वीज दिली की क्षणात सुरू, मध्ये कुणी लुडबुड करणारं नाही. पण सर्जसारखा अवाढव्य सिंथ त्यात बसत नाही. त्यातला एक ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारा), एक फिल्टर (त्याचा रंग बदलणारा) आणि दोन एन्व्हलप (सुराचा चढउतार ठरवणारे) काढून आणावे लागतात.

तिसरी वाट कमी लोकांना माहीत आहे आणि मला सर्वांत प्रिय आहे: रास्पबेरी पाय, पण ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय. सर्कल नावाची सी++ लायब्ररी वापरून प्रोग्राम थेट चिपवर चालतो. मिनीडेक्स्ड असाच बनलाय. एका पायवर डीएक्स७ ची आठ इंजिनं एकदम, म्हणजे आठ डीएक्स७ एकत्र असलेल्या यामाहाच्या टीएक्स८१६ रॅकचा थाट. एमटी३२-पाय हे रोलँडच्या एमटी-३२ या जुन्या ध्वनी मोड्यूलचं रूपही त्याच लायब्ररीवर उभं आहे. काही सेकंदांत सुरू होतं आणि मेमरी कार्डावर सतत लिहिणारं कुणी नसल्यामुळे सरळ स्विच बंद केला तरी चालतं. तुमचा सिंथ एफएम (म्हणजे डीएक्स७ च्या) प्रकारचा असेल तर वेगळं काही शोधूच नका, मिनीडेक्स्डपासून सुरुवात करा.

कोणतीही वाट घ्या, पोर्ट करायचं (कोड दुसऱ्या यंत्रावर नेण्याचं) तंत्र एकच. सिंथच्या कोडातून इंजिन बाहेर काढा आणि त्याला चारच दारं ठेवा: सूर सुरू, सूर बंद, पॅरामीटर बदल, आणि ‘पुढचे ६४ सॅम्पल (ध्वनीलहरीचे आकडे) दे’. खिडक्या, प्रीसेट ब्राउझर, माऊस यांचा संबंध तोडा. शेवटच्या दाराच्या आत मेमरी मागायची नाही, फाइल उघडायची नाही, लॉकसाठी थांबायचं नाही. लागणारी सगळी मेमरी सुरुवातीलाच घेऊन ठेवायची. लॅपटॉपवर हे नियम मोडले तरी निभावून जातं. छोट्या बोर्डावर त्याची खरखर लगेच ऐकू येते.

वेळेचा हिशेब करून बघा. सेकंदाला ४८,००० सॅम्पल असतील तर ६४ सॅम्पलचा ब्लॉक म्हणजे १.३३ मिलिसेकंद. असे दोन ब्लॉक रांगेत असतात, म्हणजे २.६७. पाच पिनांच्या मिडीचा वेग ३१,२५० बिट प्रतिसेकंद, एका बाइटला १० बिट, म्हणून तीन बाइटचा एक सूर पोहोचायला ०.९६ मिलिसेकंद लागतो. दहा बोटांचा कॉर्ड अशा तारेवरून आला तर पहिल्या आणि शेवटच्या सुरात जवळपास ९ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, आणि त्यात सिंथचा काहीच दोष नसतो. तेव्हा कीबोर्ड त्याच डब्यात असेल तर मिडीची तार मध्ये घालू नका, कळा थेट वाचा.

पण उशिराचा आकडा कमी करण्याच्या मागे फार लागू नका. उशीर कायम ६ मिलिसेकंद असेल तर बोटं दोन दिवसांत त्याला सरावतात. तो कधी ३, कधी ११ असेल तर बोटं कधीच सरावत नाहीत, आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपलीच लय हलतेय. म्हणून लिनक्सवर माझं सगळं लक्ष सरासरीवर नाही, सर्वांत वाईट क्षणावर असतं. रिअल-टाइम प्रीएम्प्शनची (तातडीचं काम लगेच पुढे घेण्याची) सोय कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ६.१२ आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्येच आलीय, वेगळे पॅच लावत बसायची गरज उरली नाही. ती चालू करून कर्नल बांधा. प्रोसेसरचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा, नाहीतर शांत जागी घड्याळ मंदावतं आणि अचानक कॉर्ड आला की धांदल उडते. ऑडिओ थ्रेडला (प्रोग्राममधल्या आवाज काढणाऱ्या भागाला) फिफो शेड्युलिंग (त्याच पातळीचं दुसरं काम मध्ये न आणणारी पद्धत) आणि वरचा अग्रक्रम द्या, त्याची मेमरी लॉक करा, एक कोअर त्याच्यासाठी राखून ठेवा. वायफाय आणि ब्लूटूथ बंद.

आणखी एक जागा आहे जिथे चांगले चांगले चकतात. सूर सोडल्यावर रिव्हर्बचं आणि फिल्टरचं शेपूट विरत जातं, आकडे इतके सूक्ष्म होतात की फ्लोटिंग पॉइंटच्या नेहमीच्या मर्यादेखाली जातात. त्यांना डीनॉर्मल म्हणतात. काही प्रोसेसरांवर असे आकडे हाताळायला कितीतरी पट वेळ लागतो. परिणाम असा विचित्र की वाजवताना सगळं ठीक, आणि वाजवणं थांबवल्यावर काही सेकंदांनी खरखर. उपाय एका ओळीचा: ऑडिओ थ्रेड सुरू होतानाच प्रोसेसरला ‘असे आकडे सरळ शून्य धर’ म्हणून सांगायचं.

चाचणी कठोर घ्या. डबा बंद करा, झाकण स्क्रूने आवळा. सर्वांत जड प्रीसेट लावा, सस्टेन पेडल दाबून सगळे आवाज (एका वेळी वाजू शकणारे सूर) भरून टाका, फिल्टर फिरवत राहा, मध्येच प्रीसेट बदला, आणि हे तासभर चालू द्या. पाय ४ साधारण ८० अंश सेल्सियसला स्वतःचा वेग कमी करायला लागतो. उघड्या टेबलावर जे १६ आवाज आरामात निघत होते ते बंद डब्यात चाळिसाव्या मिनिटाला तडकू लागतात. मी आवाजांची संख्या अशी बांधतो की या परिस्थितीतही भार ७० टक्क्यांवर जाऊ नये. सोळाऐवजी दहा आवाज मिळाले तरी चालतील. मर्यादेपेक्षा एक सूर जास्त आला की कोणता जुना सूर सोडायचा याचा नियम मात्र विचारपूर्वक लिहा: आधी सोडलेल्या कळांचे सूर, त्यातला सर्वांत हळू वाजणारा आधी, आणि सर्वांत खालचा सूर शक्यतो धरून ठेवायचा, कारण बास गेला की कानाला लगेच कळतं. जाणाऱ्या सुराला तीन-चार मिलिसेकंदांत विरू द्या, एकदम कापलात तर टक् असा आवाज येतो.

आता पॅनेल, ज्यासाठी मी एवढा जीव टाकतो. तुमचा सिंथ लॅपटॉपवर उघडा, नेहमीचे प्रीसेट लावा आणि आठवडाभर वाजवताना कुठल्या पॅरामीटरला हात जातो ते कागदावर नोंदवत राहा. यादी बहुधा तुमच्या अपेक्षेपेक्षा छोटी निघते: कटऑफ (फिल्टर कुठून कापतो), रेझोनन्स (तिथला उठाव), एन्व्हलपचा अटॅक आणि रिलीज (सुराचं उमटणं आणि विरणं), डिट्यून (सुरांमधला बारीक फरक), एलएफओचा (मंद कंप देणाऱ्या भागाचा) वेग आणि प्रमाण, इफेक्टची मात्रा. मग जाड पुठ्ठ्यावर खऱ्या मापात पॅनेल काढा, नॉब नुसते खोचा, आणि अंधारात हात लावून बघा. कटऑफ न बघता सापडतो का? शेजारचा नॉब बोटाला अडतो का? दोन नॉबांच्या मध्यांत २२-२५ मिलिमीटर सोडले की माझी बोटं मोकळी राहतात; तुमची बघून ठरवा. कटऑफचा नॉब बाकीच्यांपेक्षा मोठा ठेवा. सगळे नॉब सारख्या मापाचे आणि ओळीत मांडले की फोटोत सुंदर दिसतं आणि वाजवताना गोंधळ होतो.

एकट्या कटऑफचा प्रवास जवळून बघू, म्हणजे नॉबमध्ये काय काय दडलेलं असतं ते कळेल. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे दहा सप्तकं, १२० अर्धस्वर. मिडीच्या साध्या कंट्रोल मेसेजमध्ये १२८ पायऱ्या. म्हणजे एका पायरीला जवळपास एक अर्धस्वर! रेझोनन्स चढवून नॉब सावकाश फिरवा, फिल्टर सरकत नाही, जिना चढतो. म्हणून डब्याच्या आत नॉबचं मूल्य ७ बिटांच्या मिडीतून कधीही पाठवू नका. १० बिटांच्या एडीसीवर (नॉबच्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपवर) पायरी १२ सेंटची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) होते, १२ बिटांवर ३ सेंटची, आणि तिथून पुढे कान तक्रार करत नाही.

रास्पबेरी पायवर एडीसी नसतोच. एमसीपी३००८ ही १० बिटांची आठ वाहिन्यांची चिप स्वस्त आणि साधी आहे, पण मी पॅनेलसाठी एक वेगळा छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवतो आणि तो पायला फक्त बदल कळवतो. त्यासाठी आरपी२०४० ही चिप वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्याच्या १२ बिटांच्या एडीसीत चार ठरावीक ठिकाणी पायऱ्या असमान आहेत, तिथे नॉब जरा अडखळल्यासारखा वाटतो. पोटेन्शिओमीटर (नॉबखालचा बदलता रोधक) १० किलोओहमचा लिनिअर घ्या. वक्र रेषा प्रोग्राममध्ये काढता येते, शिवाय लॉग पॉटांची वक्रता एकासारखी दुसऱ्याची नसते. त्याची दोन टोकं एडीसीच्या संदर्भ-व्होल्टेजला आणि ग्राउंडला जोडा, म्हणजे पुरवठा थोडा हलला तरी वाचन हलत नाही. मधल्या पिनेला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर.

तरीही हात न लावलेला नॉब दोन-तीन आकडे इकडेतिकडे नाचत राहतो. त्यावर प्रोग्राममध्ये हिस्टेरेसिस: ठरलेल्या अंतरापेक्षा जास्त हलल्याशिवाय बदल मानायचा नाही, पण एकदा हलला की तो थांबेपर्यंत प्रत्येक बारीक हालचाल घ्यायची. शेवटी इंजिनमध्ये मूल्य एकदम न बदलता ते मऊपणे सरकवायचं. इथे कानाने ठरवावं लागतं. ५ मिलिसेकंदांपेक्षा कमी ठेवलं तर कुरकुर ऐकू येते. ३० च्या वर गेलात तर नॉब रबरी वाटायला लागतो, फिल्टर बोटामागून फरफटत येतो. मी १० च्या आसपास सुरू करतो आणि प्रत्येक पॅरामीटरला वेगळं ठेवतो. आवाजाच्या पातळीला थोडं जास्त चालतं, कटऑफला नाही.

प्रीसेट बदलला की नॉबची जागा आणि आतलं मूल्य जुळत नाही, हा जुना तंटा आहे. एन्कोडर (टोक नसलेले, गोल फिरत राहणारे नॉब) लावले की तंटा मिटतो, पण मग नॉब कुठे आहे ते बोटाला आणि डोळ्याला कळत नाही. मी कटऑफ, रेझोनन्स आणि एन्व्हलपला पोटेन्शिओमीटरच लावतो आणि मूल्य ‘पकडून’ घेण्याची पद्धत ठेवतो: नॉब आतल्या मूल्यावरून जाईपर्यंत काही घडत नाही, मग तो लागू होतो. स्टेजवर अचानक उडी बसण्यापेक्षा हे बरं. शिवाय ‘पॅनेल जसं आहे तसं वाजव’ असं एक बटण जरूर द्या. ते बटण दाबून रिकाम्या मनाने आवाज शोधणं हा या सगळ्या कष्टांचा सर्वांत गोड भाग आहे.

आउटपुटवर कंजूषी नको. पाय ४ चं साडेतीन मिलिमीटरचं जॅक कामापुरतं आहे, पाय ५ वर तर ते काढूनच टाकलंय. आय२एस (चिपांमधल्या डिजिटल ध्वनीच्या जोडणी) वरचा पीसीएम५१०२ए हा डॅक (आकड्यांचा आवाज करणारी चिप) उत्तम चालतो. त्याला वेगळं मास्टर क्लॉक लागत नाही. ती पिन ग्राउंडला जोडली की तो बिट क्लॉकवरून स्वतःचं घड्याळ बनवतो. त्याच्या अ‍ॅनालॉग भागाला मात्र वेगळा, शांत लिनिअर रेग्युलेटर द्या, नाहीतर स्क्रीन बदलताना कानात बारीक शीळ येते. त्याच चिपवर म्यूटची एक पिन आहे. यंत्र पूर्ण तयार होईपर्यंत ती खाली धरून ठेवा, म्हणजे सुरू होताना स्पीकरमध्ये धप् होणार नाही. मिडी इनला ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल नेऊन दोन यंत्रं विजेने वेगळी ठेवणारी चिप) टाळू नका; ३.३ व्होल्टवर एच११एल१ बिनतक्रार चालतो. लॅपटॉपला यूएसबीने जोडल्यावर गुणगुण सुरू झाली तर तो ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या ग्राउंडमधून फिरणारी वीज) आहे, त्याला यूएसबी आयसोलेटर लागतो.

लिनक्स असेल तर मूळ फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती करा आणि प्रीसेटसाठी छोटं वेगळं पार्टिशन ठेवा. प्रीसेट साठवताना आधी नव्या नावाने पूर्ण लिहा, कार्डावर उतरल्याची खात्री करा, मग नाव बदला. मध्येच वीज गेली तर जुना प्रीसेट तरी शाबूत राहतो. वाद्य वाजवणारा माणूस ‘शटडाउन’ करत नाही, तो स्विच बंद करतो, आणि त्याला तसं करता आलं पाहिजे.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता: आधी लॅपटॉपवरच सिंथची खिडकी झाकून फक्त एका साध्या मिडी कंट्रोलरवर पंधरा नॉब लावून महिनाभर वाजवणं. त्यातून पॅनेल पक्कं झालं की पाय ४, पीसीएम५१०२ए आणि पुठ्ठ्याचं पॅनेल. इंजिन स्क्रीनशिवाय चालू झालं आणि तासाभराची बंद डब्यातली चाचणी पार पडली की मग धातूचं पॅनेल कापायला द्यायचं. आणि ज्या दिवशी सगळं नीट चाललं त्या दिवशी मेमरी कार्डाची पूर्ण प्रत काढून दोन ठिकाणी ठेवायची, एक कार्ड डब्याच्या आतच चिकटवून.